खिडकीतील कोथिंबीर

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. ठाण्यातील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. खिडकी पूर्वेची असल्यामुळे सकाळचे ऊन तीन-साडेतीन तास आत येते. मग सूर्य डोक्यावर जातो आणि खिडकी सावलीत पडते. तिच्या आतल्या बाजूस कडाप्प्याचा दीड वीत रुंदीचा कट्टा आहे. बावीस वर्षे त्या कट्ट्यावर लोणच्याच्या बरण्या, तेलाची किटली आणि निथळत ठेवलेली भांडी यांखेरीज दुसरे काही नव्हते. आज तेथे सात डबे आहेत आणि त्यांत कोथिंबीर, मेथी, शेपू, ओवा, सब्जा अशी वासाची रोपे वाढत आहेत. पाहुणे आले की कौतुकाने म्हणतात, "छान हौस आहे तुम्हाला!" मी हसते आणि विषय बदलते. कारण ही बाग हौसेतून आलेली नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी आणि यजमान दोघेही आजारी पडलो. सासूबाईंना वेळीच नणंदेकडे पाठवले होते, म्हणून त्या वाचल्या. आमचा ताप उतरला, खोकला थांबला, हळूहळू अशक्तपणाही गेला. पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा स्वयंपाकाला उभी राहिले. तेल तापले, मोहरी तडतडली, हिंग पडला. पण फोडणीचा वास आलाच नाही. प्रथम मला वाटले, हिंग जुना झाला असावा. मी डबी नाकाशी धरली. मग लसूण ठेचून पाहिला, कॉफीची बाटली उघडून पाहिली. कशालाच वास नव्हता. काचेआडून जग पाहावे, तसे झाले होते.

वास जातो म्हणजे काय जाते, हे तो गेल्याशिवाय कळत नाही. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढे कळते, मिरची झोंबते. परंतु आमटीतला आंबटपणा चिंचेचा आहे की आमसुलाचा, हे नाक सांगते. शेपूची भाजी आणि मेथीची भाजी यांतला फरक माझ्यापुरता एवढाच उरला, की एक अधिक कडू लागे. भात आणि ओला कागद यांत मला भेद करता येईना. जेवण हे एक काम झाले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. आमच्या सासूबाईंचे नाक फार तिखट. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले. परसात भाजीपाला, अंगणात तुळस, माळ्यावर मसाल्याची गाडगी, अशा घरात त्या वाढल्या. बाहेरच्या खोलीत बसून त्यांना माझ्या चुलीवर काय चालले आहे ते कळे. "डाळ लागली का गं?" "हिंग जरा जास्त झाला." "आज मोहरी तडतडू न देताच जिरं टाकलंस." बोलणे नेहमी खरे असे, म्हणूनच ते मला अधिक बोचत असे. बावीस वर्षांच्या संसारात मी त्या नाकाचा जितका राग केला, तितका त्यांच्या दुसऱ्या कशाचाही केला नसेल. आणि आता तेच नाक मला रोज उसने मागावे लागत होते. "आई, हिंग पुरे का?" "आई, दूध नासलं आहे का, बघता?" हे विचारताना माझा आवाज कोरडा होई. त्यांनी मात्र एकदाही त्या कोरडेपणाची दखल घेतली नाही.

जुलैमधील एका संध्याकाळची गोष्ट. मी ओट्याशी पाठ करून भाजी चिरत होते. मागे दूध उतू गेले, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती ध्यानात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याला वासच येत नाही, त्याच्यासाठी ही सारी सावधगिरी व्यर्थ. मी दोन हातांवर उभी होते आणि मला काही कळले नाही. "अगं, गॅस! गॅस बघ!" असे ओरडत सासूबाई भिंतीला धरून आत आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. माणसाची नुसती आकृती दिसे. त्यांनी चाचपडत शेगडीचे बटण शोधले, बंद केले आणि खिडकी सताड उघडली. मी घाबरून दिव्याकडे वळले तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. "दिवा लावू नकोस. कशालाही हात लावू नकोस." अंधारात आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे मला स्वयंपाकघरात एकटीने जायची भीती वाटे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. ते म्हणाले, यावर गोळी नाही. पण नाकाच्या छतापाशी असलेल्या वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर पुन्हा पुन्हा नव्याने तयार होत असतात, तेव्हा आशा सोडण्याचे कारण नाही. त्यांनी एक व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ घ्यायचे; प्रत्येकावर वीस सेकंद मन लावायचे; वास आला नाही तरी तो कसा असतो हे आठवायचे; आणि हे महिनोन्महिने करायचे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉक्टर थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. करोनानंतर ती जगभर पोहोचली. मी चार बाटल्या आणल्या आणि एक महिना नेमाने हुंगल्या. लवंग म्हणजे लाकडाचा तुकडा, गुलाब म्हणजे पाणी.

सासूबाई बाजूला बसून हे ऐकत असत. एके दिवशी म्हणाल्या, "बाटलीतला गुलाब आपण कधी हुंगला होता का? जे रोज हाताखालून गेलं, त्याचा वास आठवेल. कोथिंबीर लाव."

"विकतची जुडी आणते की."

"जुडी दोन दिवसांत मरते. आणि तिचा वास तुला एकदम हवा असतो. बी लाव, म्हणजे थोडा थोडा येईल."

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ओळखीचे वास जरूर घ्या, फक्त नेम मोडू नका.

मला वाटले, धणे मातीत टाकायचे, पाणी घालायचे, यात शिकण्यासारखे काय आहे? मी मसाल्याच्या डब्यातले मूठभर धणे घेतले, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, धणे पसरले आणि वर पाणी ओतले. दहा दिवस गेले, बारा गेले. तेराव्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी दिसली. सासूबाईंनी डबा नाकाशी धरला आणि लगेच दूर केला. "कुजलंय गं सगळं. तुला..." असे म्हणून त्या थांबल्या. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि माझी प्रत्येक चूक उजेडात आली. डब्याला तळाशी भोके पाडली नव्हती. पाण्याला जायला वाट नव्हती. धणे अखंड टाकले होते. आणि मुख्य म्हणजे, ते धणे मीच उन्हाळ्यात कीड लागू नये म्हणून मंद आचेवर भाजून ठेवले होते! भाजलेले बी मी तेरा दिवस पाणी घालून जपले. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघी एकत्र हसलो.

आपण ज्याला धणा म्हणतो ते एक बी नसून फळ असते. त्याच्या कवचात दोन बिया एकमेकींना चिकटून असतात. अखंड धणाही उगवतो, पण कवच कठीण असल्यामुळे उशीर लागतो आणि उगवण विरळ होते. म्हणून शेतकरी धणे रगडून, फोडून पेरतात. सासूबाईंनी पाट मागवला, त्यावर धणे पसरले आणि उपड्या वाटीने हलकेच दाबत गोल फिरवले. जोर जास्त झाला तर बी चिरडते, कमी झाला तर कवच फुटत नाही. "कट् असा आवाज आला की पुरे," त्या म्हणाल्या. हे काम त्या डोळ्यांनी करतच नव्हत्या. फोडलेले धणे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यात निथळायचे, म्हणजे ते लवकर अंकुरतात. धणे त्याच वर्षीचे असावेत. वाण्याकडे येतात ते बहुधा राजस्थान, मध्य प्रदेश किंवा गुजरातचे. राजस्थानात कोटा जिल्ह्यातील रामगंज मंडी तर धण्यांची पेठ म्हणूनच ओळखली जाते. बियाण्यांच्या दुकानातले पाकीटही चालते. मात्र त्यातील बियांना पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि त्या गुलाबी किंवा हिरव्या दिसतात. अशा बिया तोंडात घालू नयेत आणि उरल्या तर चुकूनही मसाल्याच्या डब्यात जाऊ देऊ नयेत.

मातीचेही तसेच. नुसती बागेतली माती डब्यात विटेसारखी घट्ट होते. आम्ही एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण केले. कोथिंबिरीचे मूळ सोटमूळ. ते सरळ खाली जाते आणि जागा बदललेली त्याला सोसत नाही. त्यामुळे रोपे एका डब्यातून दुसऱ्यात लावण्यापेक्षा, निदान वीतभर खोल डब्यात, जेथे वाढायची तेथेच ती पेरावी. भोके मी तापवलेल्या सुईने पाडली.

दुसरी पेरणी सप्टेंबरात केली. उगवले, आणि मला इतका आनंद झाला की मी तो डबा पावसाच्या झडीपासून वाचवण्यासाठी खिडकीपासून दूर, फळीवर ठेवला आणि दिवसातून तीनदा पाणी घालू लागले. चार दिवसांत रोपे सुतासारखी लांब, फिकट झाली आणि सगळीच्या सगळी खिडकीकडे झुकली. पाचव्या दिवशी ती देठाच्या तळाशी काळी पडून आडवी झाली. प्रकाश कमी पडला म्हणजे रोप त्याच्या शोधात नुसतेच उंच वाढते, आणि माती सतत ओली राहिली की बुरशी कोवळ्या देठाला बुडाशी खाते. रोपे कोलमडणे म्हणतात ते हेच.

रोपे प्रकाशाकडे का वळतात, हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांनाही पडला होता. त्यांनी आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोंबाच्या शेंड्यावर टोपी घातली, तर कोंब प्रकाशाकडे वळत नाही. तळाचा भाग झाकला, तर मात्र वळतो. म्हणजे प्रकाश कळतो तो शेंड्याला आणि वाकतो तो खालचा भाग. हे वाचले तेव्हा मला आमच्या घराची आठवण झाली. वास कळणारे एक आणि फोडणी घालणारे दुसरे, असे आमचेही चालले होतेच.

तिसऱ्या वेळी मात्र सूत्रे सासूबाईंनी आपल्याकडे घेतली. कोजागरी होऊन गेली, पावसाची ओल हवेतून गेली. "आता लाव," त्या म्हणाल्या. कोथिंबिरीला थंडी मानवते. कडक उन्हाळ्यात ती पाने धरण्याऐवजी घाईने फुलावर जाते. पाणी केव्हा घालायचे हे त्या बोटाने ठरवत. बोटाचे पहिले पेर मातीत घालायचे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पाणीही ओतायचे नाही, शिंपडायचे. डबे खिडकीलगत ठेवून दर दोन दिवसांनी फिरवायचे, म्हणजे रोप एका अंगाला कलत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर माती जागोजाग उचललेली दिसली. त्यांना हाक मारली. दिसणे शक्य नव्हते. त्यांनी तळहात डब्यावर अगदी अलगद फिरवला. "लागतंय हाताला," त्या म्हणाल्या. पहिली दोन पाने लांबट, साधी असतात. त्यांना पाहून ही कोथिंबीर आहे असे कोणी म्हणणार नाही. ओळखीचे, कातरलेले गोल पान त्यांच्यानंतर येते. ते आले तेव्हा सासूबाईंनी एक पान चिमटीत चुरगळून हुंगले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला त्यांचा हेवा वाटला. तेच पान मी घेतले. वीस सेकंद मोजली. काही नाही. ओले, थंड, एवढेच. मी तो डबा जागेवर ठेवला आणि कामाला लागले; त्या दिवशी आम्ही त्याविषयी बोललो नाही.

हळूहळू डबे वाढले. मेथी तिसऱ्या दिवशी उगवते आणि वीस-पंचवीस दिवसांत उपटायला येते. अधीर माणसाने सुरुवात तिच्यापासून करावी. शेपूला आठवडाभर लागतो, ओव्याला दहा-बारा दिवस. येथे एक घोटाळा टाळावा: भज्यांसाठी वापरतात ते जाड, लवदार 'ओव्याचे पान' ओव्याच्या झाडाचे नसते. ते वेगळेच झाड असून फांदी खोचली की लागते. ओव्याच्या बीपासून येणारे रोप नाजूक, शेपूसारखे बारीक पानांचे असते. दोघांचा वास सारखा, म्हणून नावही एक पडले. सब्जाचे बी मातीत पुरायचे नाही. वर भुरभुरायचे आणि पाण्याचा नुसता फवारा द्यायचा. पाणी लागताच त्याभोवती फालुद्यात दिसते तसे चिकट आवरण तयार होते आणि बी जागच्या जागी रुतून बसते. पुदिन्याच्या बियांच्या मागे लागू नये. बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या, की आठवड्यात मुळे फुटतात.

कामाची वाटणी आपोआप झाली. बारीक बी मोजून टाकणे, पानामागचा मावा शोधणे, त्यावर निंबोळी तेलाचे पाणी फवारणे ही माझी कामे. ओल पाहणे आणि पान तयार झाले की नाही ते सांगणे हे त्यांचे. डब्यांवर मी नावे लिहून ठेवली होती. त्यांना त्यांची गरज नव्हती. त्या पानावरून बोट फिरवून बोट हुंगत आणि डबा ओळखत. कधी कधी मी मुद्दाम डब्यांच्या जागा बदलत असे. त्या एकदाही चुकल्या नाहीत.

या बागेने पैसे वाचतात असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. माती, खत, भुसा यांचा खर्च धरला, तर पहिल्या वर्षीची आमची कोथिंबीर बाजारातल्या कोणत्याही कोथिंबिरीपेक्षा महाग पडली. एका डब्यातून एका वेळी पोह्यांवर पेरण्यापुरती पाने निघत.

डिसेंबरात वास आला, पण जो आला तो नको होता. कांदा चिरला की कुजल्याचा भपकारा येई. कॉफी जळक्या रबरासारखी. आणि कोथिंबीर? मी पान चुरगळले आणि मला ओल्या, जळलेल्या चिंधीचा वास आला. दोन महिने जिची वाट पाहिली ती अशी आली, याने मी इतकी खचले, की डबा उचलून कचऱ्यात टाकायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, हे अनेकांना होते. तुटलेले तंतू पुन्हा जुळताना प्रथम चुकीचे जुळतात. हे बरे होण्याच्या वाटेवरचेही असू शकते. मला ते खरे वाटले नाही.

सासूबाईंनी त्या रात्री त्यांच्या थोरल्या जावेची गोष्ट सांगितली. ती कोथिंबीर कधी खात नसे. म्हणे, हिला ढेकणाचा वास येतो. एकत्र कुटुंबात वीस माणसांच्या स्वयंपाकात तिच्यासाठी वेगळी वाटी कोण काढणार? सगळ्यांनी तिला नखरेल ठरवले. "मीही हसले होते तिला," सासूबाई म्हणाल्या. "आता वाटतं, बिचारीला खरंच तसा वास येत असेल." जाऊबाईंचे म्हणणे खरेच होते. कोथिंबिरीच्या पानांत वासाची जी द्रव्ये असतात, त्यांच्या जवळची द्रव्ये काही ढेकूणवर्गीय किडेही सोडतात. आणि काही माणसांना ही पाने साबणासारखी लागतात, हे काही अंशी जन्मतः ठरलेले असते. पण जाऊबाई तेव्हा हयात नव्हत्या. सासूबाई बराच वेळ गप्प बसून राहिल्या. डबा मी टाकला नाही.

जानेवारीच्या अखेरीस कोथिंबिरीची पाने बडीशेपेच्या पानांसारखी बारीक झाली आणि मधून उंच दांडा निघाला. मी ती उपटणार होते, कारण एकदा फुलावर गेलेल्या कोथिंबिरीची पाने वरणात घालण्याजोगी राहत नाहीत. सासूबाईंनी उपटू दिली नाही. लहान, पांढरी, किंचित जांभळट फुले आली. खिडकी उघडी असे तेव्हा बारीक माशा त्यांवर येत. फुले गळून हिरवे, गोल धणे धरले. मार्चमध्ये एके सकाळी नेहमीप्रमाणे माझ्या चार बाटल्या हुंगून झाल्यावर त्यांनी एक हिरवा धणा तोडला, नखाने फोडला आणि माझ्या नाकाशी धरला.

"काय येतंय?"

मी सवयीने 'काही नाही' म्हणणार होते. पण काहीतरी आले होते. अगदी दुरून, शेजारच्या घरात कोणी फळ सोलत असावे तसे.

"संत्र्याच्या सालीसारखं," मी म्हटले.

त्यांनी तो धणा स्वतः हुंगला. "बरोबर," त्या म्हणाल्या आणि दुसरा तोडला.

त्या रोपांचे वाळलेले धणे जेमतेम मूठभर निघाले. ते आम्ही भाजले नाहीत. कागदाच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून ठेवले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तेच पेरले. पुढे दरवर्षी असेच चालले आहे. २०२३ मध्ये सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर त्यांनी प्रथम डबे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढीशीच उगवली होती होय? हाताला दाट लागायची." आता त्या सब्जाचे बी स्वतः भुरभुरतात आणि माझ्या लिहिलेल्या अक्षरांना नावे ठेवतात.

माझे पुष्कळसे वास परत आले आहेत. कोथिंबीर आता कोथिंबिरीसारखी येते, पुदिना येतो, लवंग येते. कांदा अजून अधूनमधून दगा देतो. बाटलीतला गुलाब नाहीच. हिंगही नाही, डबी नाकाशी धरली तर थोडी धूळ जाणवावी, तेवढाच. म्हणून फोडणी घालताना मी आजही बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारते, "आई, पुरे का?"

आणि त्या म्हणतात, "अजून चिमूटभर."